जुनी मोटार : ठेवावी, सुधारावी की निरोप द्यावा?

आपल्यापैकी पुष्कळांच्या दारापुढे आज एखादी लहानशी मोटार उभी असेल. ती दहा-बारा वर्षांची असेल; कदाचित दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने आपल्या घरी आलेली असेल. अशा मोटारीविषयी घरोघर अधूनमधून एकच चर्चा चालते. गृहिणी म्हणते, "आता ही विकून टाका, हिचा भरवसा राहिला नाही." मुलगा म्हणतो, "विकायची कशाला? रुंद टायर घालू, नवे दिवे लावू, म्हणजे नव्यासारखी होईल." गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, इंजिन उघडावे लागेल." आणि घरधनी ह्या तिघांचे ऐकून घेऊन पुढच्या महिन्यापर्यंत प्रश्न लांबणीवर टाकतो. ह्या सर्व मतांत एक गोष्ट समान असते : गाडीची खरी अवस्था कोणीच नीट पाहिलेली नसते. निदान झालेले नाही, आणि औषधावर मात्र वाद चालला आहे, असा हा प्रकार होय.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मी शाळामास्तर आहे. परंतु परीक्षा घेणे, गुण मांडणे आणि निकालावरून पुढची वाट ठरविणे हा आम्हा शिक्षकांचा नित्याचा उद्योग. विद्यार्थी कोणत्या विषयात कच्चा आहे हे न पाहता त्याला सरसकट शिकवणी लावणे जसे व्यर्थ, तसेच गाडीचे कोणते अंग दुबळे आहे हे न पाहता तिच्यावर पैसा ओतणे व्यर्थ. म्हणून आज मी आपल्यापुढे मोटारीचे प्रगतिपुस्तक कसे भरावे, आणि ते भरून झाल्यावर कोणता निर्णय घ्यावा, एवढेच सांगणार आहे.

प्रथम वयाविषयी. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे वाहनाची तपासणी होऊन ती पाच वर्षांकरिता नव्याने करून घ्यावी लागते. त्यामुळे पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी संपली, असा समज रूढ झाला आहे. परंतु वय आणि अवस्था ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. काळजीने वापरलेली सोळा वर्षांची गाडी उत्तम चालते, आणि हयगय झालेली सात वर्षांची गाडी धोक्याची असू शकते. शिवाय एकच गाडी निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या रीतीने म्हातारी होते. गोव्यासारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात खाऱ्या, दमट हवेने पत्रा आधी जातो. बेळगाव-खानापूरच्या पावसात खालचा भाग चिखलाने माखून राहतो आणि ओल आतपर्यंत पोहोचते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील कडक उन्हाळ्यात बॅटरी आणि रबरी नळ्या लवकर थकतात. म्हणून शेजाऱ्याच्या किंवा दूरच्या नातलगाच्या अनुभवावरून आपल्या गाडीचा निकाल लावू नये. तिची परीक्षा तिचीच घेतली पाहिजे.

ह्या परीक्षेला सामग्री थोडी लागते. एक वही, एक बॅटरीचा दिवा, एक लहानसे लोहचुंबक, टायरची हवा मोजण्याचे साधे उपकरण आणि सुटीच्या सकाळची दोन तासांची फुरसत. गाडी रात्रभर उभी राहून पूर्णपणे थंड झालेली असावी. कारण गरम इंजिन आपले पुष्कळ दोष झाकून ठेवते. वहीत तीन रकाने पाडावेत. पहिल्यात काय दिसले ते, दुसऱ्यात त्याची निकड किती ते, आणि तिसऱ्यात अंदाजे खर्च. तिसरा रकाना आरंभी रिकामाच ठेवावा. खर्चाचे भय मनात असले म्हणजे डोळे दोष पाहण्यास कचरतात.

परीक्षेचा आरंभ इंजिनापासून करू नये, पत्र्यापासून करावा. ह्याचे कारण असे की, गाडीचे बहुतेक सर्व भाग बदलता येतात. टायर बदलतात, क्लच बदलतो, फार काय, सबंध इंजिनही बदलता येते. परंतु आजच्या लहान मोटारींना वेगळी चौकट नसते. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. ती हाडे गंजून पोकळ झाली तर बाकीचे सारे नवे असूनही उपयोग नाही. म्हणून दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालची ताटली, आणि पायाखालचे रबरी जाजम उचलून त्याखालची जमीन, ही सर्व ठिकाणे दिवा लावून पाहावीत. रंगाला बारीक फोड आले असतील तर गंज आतून बाहेर येत आहे असे समजावे. एखाद्या जागी पेचकसाच्या मुठीने हळूच ठोकून पाहावे. निकोप पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. चुंबक फिरवावे. ते जेथे पत्र्याला धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याचा संभव फार. (बंपर प्लॅस्टिकचा असतो, तेथे चुंबक न चिकटल्यास घाबरून जाऊ नये.) वरवरचा गंज घासून, गंजरोधक लेप देऊन थांबविता येतो, आणि पावसाळ्यापूर्वी हे काम केले तर फार थोडक्यात भागते. परंतु आसनांचे पट्टे जेथे जखडलेले असतात, चाकांचे दांडे जेथे सांगाड्याला जोडलेले असतात, तेथे गंजाने भोके पाडली असतील, तर वहीत त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढावी. पुढचा सारा निर्णय त्या रेघेवर अवलंबून आहे.

दुसरा विषय टायरांचा. मोटार रस्त्याला स्पर्श करते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. त्या चार तळहातांवर आपले सारे कुटुंब विसंबलेले असते. टायरच्या खाचांची खोली निदान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे, आणि ती खूण टायर बनविणाऱ्यांनी खाचांच्या तळाशी लहान उंचवट्याच्या रूपाने करून ठेवलेली असते. खाच झिजून त्या उंचवट्याला भिडली की टायर संपला. पावसाळी मुलखात तर त्याच्याही पुष्कळ आधी टायर बदलणे शहाणपणाचे. कारण खाच उथळ झाली की तिच्यातून पाणी वाहून जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. टायर केवळ झिजतो असे नाही, तो आपली हकीकतही सांगतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असेल तर चाकांची जुळणी बिघडली आहे, आणि नुसते टायर बदलल्यास नवेही तसेच झिजतील. टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. "३२१९" असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. थोडे चालून पुष्कळ दिवस उभी राहणारी गाडी असेल तर खाचा भरपूर आणि रबर मात्र कडक व भेगाळलेले, असे आढळते. तेही टायर निकामीच. आणि स्टेपनीला विसरू नये. तिची आठवण आपल्याला बहुधा भर रस्त्यात, रात्री होते.

तिसरा विषय ब्रेकांचा. इंजिन सुरू करून पेडल दाबून धरावे. ते घट्ट राहिले पाहिजे. ते हळूहळू खाली जाऊ लागले, किंवा स्पंजासारखे मऊ लागले, तर गाडी तशीच गॅरेजात न्यावी, आणि गॅरेज दूर असल्यास मेकॅनिकला घरी बोलवावे. पुढच्या चाकांतील पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या आत आली की ते बदलावेत. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूस ओढते काय, हेही पाहावे.

परंतु ब्रेकांतील ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे ब्रेक ऑइल. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. नेहमीच्या डॉट ३ प्रकारचा द्रव ताजा असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर आलेली आहे. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. घाट उतरताना मात्र सारखे ब्रेक दाबून चाके तापतात, द्रव उकळतो आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत नेतो; वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला टेकते आणि चाक फिरतच राहते. साधारणपणे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे असे सांगतात ते ह्याकरिता.

ह्या संबंधात माझ्या परिचयाच्या एका शिक्षकबंधूंची हकीकत सांगतो. त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि हौसेने सजविली. चकचकीत चाके बसविली, गाण्याचे यंत्र बसविले, आसनांना नवी आवरणे घातली. मग सहकुटुंब बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास निघाले. घाट उतरताना प्रथम जळकट वास आला. पुढे एका वळणाच्या अलीकडे पेडल खाली गेले ते वर आलेच नाही. गृहस्थ धीराचे. त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हातब्रेक थोडथोडा ओढला आणि डोंगराच्या बाजूला मातीच्या उतरणीला गाडी टेकवून थांबविली. कोणाला खरचटलेही नाही. परंतु मागच्या आसनावर दोन लहान मुले आणि एक वृद्ध माता बसलेली होती, आणि दुसऱ्या बाजूला दरी होती. अर्ध्या तासाने चाके निवल्यावर पेडल पुन्हा पूर्ववत घट्ट झाले. ह्या दोषाचे लबाड स्वरूप हेच की, गॅरेजात पोहोचेपर्यंत तो दिसेनासा होतो. त्या गाडीतील ब्रेक ऑइल कित्येक वर्षे बदललेले नव्हते. ते बदलण्याचा खर्च नव्या आसन-आवरणांहूनही कमी होता.

श्रोतेहो, ही हकीकत मी भीती घालण्याकरिता सांगितली नाही. पैसा त्या गृहस्थांनी खर्च केलाच होता; चुकला तो क्रम. गाडीने पहिल्याने नीट थांबले पाहिजे; मग तिने दिसले आणि आपल्याला दाखविले पाहिजे; मग नीट चालले पाहिजे; आणि शोभेचा क्रमांक सर्वांत शेवटी. हा क्रम ज्याने पाळला त्याचा पैसा सहसा वाया जात नाही.

आता उरलेले विषय थोडक्यात घेऊ. गाडीचा एकेक कोपरा खाली दाबून सोडावा. तो वर येऊन एखाद्या हेलकाव्यात स्थिर झाला तर ठीक. झोपाळ्यासारखा खालीवर होत राहिला तर शॉकॲब्सॉर्बर दमले आहेत. खड्ड्यातून जाताना खडखडाट होत असेल, सुकाणू सैल लागत असेल, तर चाकांच्या दांड्यांची रबरे आणि सांधे तपासून घ्यावेत. सर्व दिवे लावून, कोणाला तरी मागे उभे करून, ब्रेकचे दिवे पेटतात काय ते पाहावे. समोरच्या दिव्यांचे आवरण पिवळट पडले असेल तर तशी नोंद करावी. वायपरचे रबर पावसाळ्याच्या तोंडी नव्हे, त्याच्या आधी पाहावे.

आता इंजिन. थंड असताना ऑइलची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बुडवून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. ते काळसर असणे हा गुन्हा नव्हे. परंतु दुधाळ चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी मिसळते आहे, आणि तसे इंजिन फिरवू नये. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये; वाफेने हातातोंडाला गंभीर इजा होते. थंड असताना उघडून पाहिल्यावर तांबूस गढूळ पाणी दिसले, तर कोणी तरी कूलंटऐवजी साधे पाणी भरून काम चालविले आहे आणि आतून गंज धरला आहे असे जाणावे. मग इंजिन सुरू करून कोणास तरी मागचा धूर पाहावयास सांगावे. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन विरून जाते; ते स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जरुरीपेक्षा अधिक जात आहे.

निळा धूर दिसला की "इंजिन उघडावे लागेल" हे वाक्य ऐकू येते. तेथे आपण शांतपणे म्हणावे, "आधी कॉम्प्रेशन मोजा." प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते हे मोजण्याचे यंत्र चांगल्या गॅरेजात असते. आकडा किती आला ह्याहूनही निरनिराळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी किती जुळतात हे महत्त्वाचे. एखाद्याचा आकडा इतरांहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हाल्व्ह किंवा गॅस्केट ह्यांकडे संशयाचे बोट जाते. ह्या मोजणीला जेमतेम तासभर लागतो, आणि इंजिन उघडण्याचा मोठा खर्च योग्य की अयोग्य हे तीवरून कळते.

काही गाड्यांत इंजिनाच्या आतील भागांची वेळ साधण्याकरिता साखळीऐवजी दातेरी पट्टा असतो. तो किती किलोमीटरांनी किंवा किती वर्षांनी बदलावा हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. हा पट्टा पूर्वसूचना न देता तुटतो, आणि पुष्कळ इंजिनांत तो तुटताच व्हाल्व्ह पिस्टनवर आपटून मोठा नाश होतो. जुनी गाडी घेताना पट्टा केव्हा बदलला ह्याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून चालावे.

बॅटरीची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तो १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. इंजिन चालू केल्यावर हा आकडा साधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो गेला नाही तर दोष बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि नवी बॅटरी आणूनही ती चार दिवसांत बसेल. किती घरांत केवळ हा एक आकडा न पाहिल्यामुळे अकारण नवी बॅटरी आली असेल!

गाडी किती चालते ह्याचाही हिशेब ठेवावा. टाकी तोंडोतोंड भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पुन्हा तोंडोतोंड भरावी. मधल्या काळात ४१२ किलोमीटर झाले आणि २६ लिटर पेट्रोल मावले, तर गाडी लिटरला सुमारे १५.८ किलोमीटर चालली. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये. चार-पाच वेळा लिहिल्यावर खरी सरासरी दिसते. ती एकाएकी घसरली तर गाडी काही सांगू पाहत आहे. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलहून उष्णता कमी, त्यामुळे थोडी घट त्याची असू शकते. मात्र जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सांधे ह्या मिश्रणाने फुगत अथवा चिरत नाहीत ना, हे दर तपासणीच्या वेळी नाकाने आणि डोळ्यांनी पाहून घ्यावे. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढू नये.

नव्या धाटणीच्या गाड्यांत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. तो लागला की मेकॅनिक एक यंत्र जोडून सांकेतिक अंक वाचतो आणि अमुक भाग बदला म्हणतो. लक्षात ठेवावे की, तो अंक तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. मुलाला गणितात कमी गुण पडले, एवढे प्रगतिपुस्तक सांगते. त्याचे कारण डोळ्यांचा चष्मा असेल, की घरचा कलह, हे शोधावे लागते. तार सैल आहे काय, नळी फुटली आहे काय, हे पाहिल्यावाचून महागडा भाग बदलू देऊ नये.

एवढे झाले की वही भरली. आता तिसरा रकाना, म्हणजे खर्च. सर्व नोंदी चार गटांत लावाव्यात. पहिला गट, दुरुस्तीशिवाय गाडी बाहेर काढू नये अशा गोष्टी : ब्रेक, सुकाणू, टायर, इंधनाची गळती. दुसरा, महिनाभरात कराव्यात अशा : कूलंट, पट्टा, शॉकॲब्सॉर्बर, दिवे. तिसरा, लक्ष ठेवण्याच्या : थोडे ऑइल जळणे, वरवरचा गंज, जुनी बॅटरी. आणि चौथा, नसले तरी चालेल अशा. पहिल्या दोन गटांचा खर्च दोन वेगवेगळ्या गॅरेजांतून विचारून घ्यावा आणि बेरीज करावी.

येथे आपल्याकडे एक हिशेब फार चुकीच्या रीतीने मांडला जातो. समजा, गाडीला बाजारात नव्वद हजार रुपये येतील आणि दुरुस्तीला चाळीस हजार लागतील. लोक म्हणतात, "नव्वद हजारांच्या वस्तूवर चाळीस हजार? हा वेडेपणा!" परंतु तुलना गाडीच्या किमतीशी करावयाची नसते, तिच्या जागी जी दुसरी आणावी लागेल तिच्याशी करावयाची असते. सहा लाख रुपयांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांकरिता घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेबारा हजार येतो. म्हणजे चाळीस हजार हे केवळ तीन-साडेतीन हप्ते झाले. तेवढ्या खर्चात सांगाड्याने निकोप असलेली गाडी आणखी दोन-तीन वर्षे निर्धास्त चालणार असेल, तर तो खर्च म्हणजे काटकसरच होय. उलट, तांबडी रेघ पत्र्याखाली ओढलेली असेल, तर दहा हजारही अधिक. कारण ते हाडे कुजलेल्या शरीराला घातलेले अलंकार ठरतील.

आता तरुण मंडळींच्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे सुधारणांकडे येतो. माझा सुधारणांना विरोध नाही. परंतु सुधारणा निरोगी अंगावर करावी. पिवळट आवरणामुळे प्रकाश कमी पडतो म्हणून पुष्कळ जण जबर दिवे बसवितात. नेहमीच्या लहान गाडीतील दिव्याची तार साधारणतः ६० आणि ५५ वॉटच्या दिव्याकरिता बेतलेली असते. त्याच्या जवळजवळ दुप्पट शक्तीचा दिवा लावल्यास तार आणि खटका तापून वितळतात, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. आवरण घासून चकचकीत केले, तारांचे सांधे साफ केले आणि दिव्यांची दिशा जुळविली, की बहुधा तेवढ्याने भागते. रुंद टायरांचेही तसेच. चाकाचा एकूण व्यास बदलला की वेगाचा काटा चुकीचे सांगतो, सुकाणू जड होते आणि इंधन अधिक लागते. त्याच पैशांत मूळ मापाचे चार उत्तम टायर येतात, आणि ती सुधारणा ब्रेक लावताच प्रत्ययास येते.

गॅसवर, म्हणजे सीएनजीवर गाडी करून घेण्याचा विचार तर पुष्कळांच्या मनात असतो. ज्याचे रोजचे अंतर मोठे आहे त्याला ते लाभदायकही ठरते. परंतु कॉम्प्रेशन कमी आलेल्या इंजिनाला गॅस लावणे म्हणजे आजाऱ्याला ओझे उचलावयास सांगणे होय. टाकीचे वजन मागच्या चाकांवर पडते. तेथील स्प्रिंगा आणि ब्रेक आधी भक्कम हवेत. मान्यताप्राप्त संच बसवून त्याची नोंद गाडीच्या नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते. निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. हौसेने केलेला बेकायदा बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येतो, हेही ध्यानात असावे.

एका मर्यादेचा मात्र मोकळेपणाने स्वीकार केला पाहिजे. काही गोष्टी जुन्या गाडीत मागाहून घालता येत नाहीत. अपघातात फुगणारी हवेची पिशवी, चाके जखडू न देणारी एबीएस ब्रेक-यंत्रणा, आणि धडक सोसण्याकरिता बेतलेला सांगाडा, ही मूळ रचनेतच असावी लागतात. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस आणि चालकापुढील हवेची पिशवी २०१९ सालापासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांत ती नाहीत. गावातल्या गावात, शाळा-बाजारापुरती गाडी वापरणाराने त्यामुळे अस्वस्थ होण्याचे कारण नाही. परंतु ज्याला दर आठवड्यास मुलाबाळांसह महामार्गाने लांबचा प्रवास करावा लागतो, त्याने दुरुस्तीचा हिशेब कितीही अनुकूल आला तरी हा मुद्दा वहीत अवश्य लिहावा. निर्णय फिरवील असा हाच एक मुद्दा असू शकतो.

आणि समजा निकाल प्रतिकूल आला, गाडीला निरोप देण्याचे ठरले, तर? वही फाडून टाकू नये. घेणाऱ्याच्या हाती द्यावी. सांगाड्याने खचलेली गाडी रंग मारून दुसऱ्या गरजू कुटुंबाच्या गळ्यात बांधणे हा व्यवहार नव्हे. त्या गाडीतही कोणाची तरी मुले बसणार आहेत. अशी गाडी अधिकृत मोडीत काढणेच योग्य. आणि तशी ती काढल्याचा दाखला घेऊन नोंदणी रद्द करावी, म्हणजे तिचे ऋणानुबंध आपल्यामागे राहत नाहीत.

श्रोतेहो, ह्या परीक्षेत कोणतेही गूढ नाही. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर, दोन तास दिले म्हणजे पुरे. पहिल्या खेपेस मुलांनाही हाताशी घ्यावे. मुलाला चुंबक द्यावे, मुलीला टायरची हवा मोजावयास सांगावे. रुंद टायरांचा हट्ट धरणारा मुलगाच झिजलेली कड दाखवून "बाबा, आधी हे बदलू," असे म्हणू लागतो. आपण मोटार ठेवा, सुधारा किंवा निरोप द्या. परंतु तो निर्णय आपल्या वहीत पाहून घ्या. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.